करडईच्या तेलावर वाढलेले रोहू

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी मनातलं भांडण मिटलेलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीला मी बेळगावहून बेंगळुरूला संशोधनासाठी आले, तेव्हा मत्स्यविभागात मराठी बोलणारे तुम्ही एकटेच, आणि माझे मार्गदर्शकही तुम्हीच. पहिल्याच रविवारी राजाजीनगरच्या घरी जेवायला बोलावलंत, स्वयंपाकघरात काकूंशेजारी पाटावर बसवून "स्वल्प भात घे अजून" म्हणालात. परक्या गावात मला वडीलधारं माणूस मिळाल्यासारखं वाटलं होतं.

सहा टाक्यांत मी रोहू वाढवले. तीन टाक्यांच्या खाद्यात तारली माशाचं तेल, तीन टाक्यांच्या खाद्यात करडईचं. गोड्या पाण्यातला मासा काहीही खाऊ दे, अंगची चरबी आपल्या जातीचीच करतो, असं तुमचं ठाम मत. माझ्या तपासणीत उलटं निघालं. जे तेल पोटात गेलं, तीच चरबी अंगात उतरली होती. तुम्ही कागद टेबलावर भिरकावता आणि सगळ्यांसमोर विचारता, "टाक्यांवरच्या चिठ्ठ्या तरी वाचता येतात का तुला?" अजूनही तो प्रश्न आठवला की कान तापतात.

मी सगळं पुन्हा केलं. नवी पिल्लं आणली, खाद्य मळलं, वाळवलं, महिनोन्‌महिने हातानं घातलं. आकडे तेच आले. या वेळी तुम्ही "सरी, ठीक आहे, बघतो" म्हणून कागद ठेवून घेतलेत. मग एका परिषदेत मी मागच्या रांगेत बसलेय आणि पडद्यावर माझे तक्ते दिसतायत, खाली नाव तुमचं एकट्याचं. चहाच्या वेळी विचारलं तर म्हणालात, "एवढं काय मनाला लावून घेतेस? तुझं आयुष्य पडलंय अजून."

प्रबंध मी अर्ध्यावरच सोडला. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खाद्यतेलाच्या कारखान्यात लागले आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या तेलाचे नमुने तपासण्यात गेलं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा काकूंचा फोन आला. "हे सारखं तुझं नाव घेतायत, एकदा येऊन जा." मी "येते" म्हणाले. गेले नाही. नंतर काकूंना सांगितलं, रजा मिळाली नाही.

काकू अजून त्याच घरात आहेत, त्यांच्या वाचनात येऊ नये म्हणून हे लिहिलेलं मी कुठेच छापायला पाठवणार नाही. त्या दिवशी मला सुट्टी होती, सर. तुम्ही माफी मागाल आणि मला ती द्यावी लागेल, याची भीती वाटली.