जेवणाऐवजी एक ग्लास

विश्रांतवाडी, पुणे
११ मार्च २००३

ती. मुक्ताताईंना मंदाकिनीचा शि. सा. न. वि. वि.

अकोल्याला सगळे सुखरूप असाल. इकडे काळजी तुमच्या भावाचीच. इन्सुलिन घेणाऱ्याच्या हाती बस देणार नाहीत, या भीतीने यांनी ते कंत्राटदारापासून लपवलंय. सकाळी सुई टोचून घेतात आणि आयटी कंपनीच्या पोरांना घेऊन निघतात. आपली लेक अपेक्षाही त्याच बसने कामाला जाते.

तिने मध्यंतरी डायबेटिसवाल्यांसाठीच्या पोषणपेयाचा डबा आणला. हे रात्री भाकरीऐवजी तेच पितात. सकाळची साखर खाली आली, तर इतके खूश झाले की आता नाश्त्यालाही तेच. डॉक्टरांना विचारा म्हटलं, तर म्हणाले, साखरेचं मीटर काय खोटं बोलतं? पण हल्ली यांना घाम फार येतो, हात थरथरतात. विचारलं की चिडतात.

माया आहे तशीच असू द्यावी.
तुमची मंदाकिनी


अकोला
१९ मार्च २००३

चि. सौ. मंदाकिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेजारच्या चंपाबाई असलंच पेय पोटभर जेवणावर प्यायल्या, तर त्यांची साखर चढली. तुझ्याकडे उतरते. मग बाप्पा, हे औषध म्हणावं की अन्न? भीमाला लहानपणी कडू गोळी गुळात लपवून द्यावी लागे. आता तोच औषध लपवायला शिकला. त्याचं काही ऐकू नको, डॉक्टरांकडे ओढून ने. त्या बसमध्ये लोकांचीही लेकरं असतात. उलट टपाली कळव.

तुमच्या खुशालीची वाट पाहणारी,
मुक्ताताई


विश्रांतवाडी, पुणे
२ एप्रिल २००३

ती. मुक्ताताईंना शि. सा. न.

तुमचं पत्र हाती पडलं त्याच सकाळी ते घडलं. येरवड्याजवळ यांनी बस कशीबशी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अंग घामाने चिंब, जीभ अडखळत होती. पोरांना वाटलं, ड्रायव्हर पिऊन आलाय. एकाने तर तोंडाचा वास घेतला. अपेक्षा मागून धावत आली, हे माझे बाबा आहेत म्हणाली, आणि कुणाकडचा तरी आंब्याचा रस घोटघोट पाजला. तेव्हा कुठे यांनी तिला ओळखलं.

डॉक्टर म्हणाले, ते पेय म्हणजे अन्नच. जेवणावर आणखी घेतलं तर साखर वाढणारच. पण जेवणाऐवजी घेतलं तर साखर भाकरीपेक्षा कमी आणि सावकाश वाढते. इन्सुलिन मात्र भाकरीच्या मापाचं, म्हणून साखर भलतीच खाली गेली. जेवण बदलायचं तर आधी मला विचारायचं होतं, म्हणाले. डबा आपण आणला म्हणून अपेक्षा रडत होती.

संध्याकाळी कंत्राटदार घरी आला. माणूस भला. कंपनीला झोप झाली नव्हती म्हणून सांगा, बस तुमचीच राहील, म्हणाला. ताई, मी दाराआड उभी राहून मनात म्हणत होते, हो म्हणा. यांनी खुंटीवरून बसची किल्ली काढली. मग म्हणाले, "मी इन्सुलिन घेतो. आधीच सांगायला हवं होतं." आणि किल्ली त्याच्यापुढे ठेवली.

आता डेपोत गाड्या तपासायचं काम मिळालंय. साखर ठीक आहे, पण घरात फारसे बोलत नाहीत. काल अपेक्षाला सोडायला थांब्यापर्यंत गेले. नवा ड्रायव्हर होता. त्याला एवढंच विचारलं म्हणे, काही खाऊन निघालास का. आणि बस वळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

तुमचं अक्षर दिसलं की धीर येतो, तेव्हा लिहीत राहावं.
तुमची मंदाकिनी