दर वेळी मला विचारू नकोस

१८ एप्रिल

कुणकेश्वरला पोचलो. फोंडाघाट उतरताना एसटीत नुसती भट्टी झाली होती. तळेऱ्याला गाडी बदलून देवगडच्या रस्त्याला लागलो तेव्हा जीव जरा निवला, आणि घरासमोर उतरलो तर समुद्राचा असा वारा आला, की माझ्यासारखा पक्का कोल्हापूरकरही क्षणभर इमान विसरला.

घर विमलाकाकींचं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं खळं म्हणजे अंगण, मागच्या कोपऱ्यात आंब्याच्या पेट्या ठेवायचा मांगर, आणि सगळ्याभोवती कमरेइतका दगडांचा गडगा. काकी आता देवगडला मुलीकडे असतात. बंद घराला वाळवी लागते म्हणून त्यांनी मला राहायला दिलं. मी कंपनीचं काम इथूनच करणार. सुट्टी लागली की तन्वी रियाला घेऊन येईल, दोन तारखेची तिकिटंही काढली आहेत. समुद्र घरातून दिसतो का, असं रियाने फोनवर विचारलं. दिसत नाही, पण ऐकू येतो, म्हटलं. तर म्हणे ऐकू येणारा नको, दिसणारा पाहिजे. आईवर गेली आहे पोरगी.

काकींची अट एकच. त्यांचा जुना कॉम्प्युटर सांभाळायचा.

२० एप्रिल

कॉम्प्युटर म्हणजे धूड आहे. चालू केला की पंखा गिरणीसारखा घरघरतो. पण त्यात महादूकाकांचे, म्हणजे काकींच्या यजमानांचे फोटो आहेत, आणि दशावतारात ते राजा व्हायचे त्याचे व्हिडिओ. गेल्या वर्षी कुणीतरी पेनड्राइव्ह लावला, व्हायरस शिरला आणि निम्म्या फाइलींना कुलूप बसलं. त्या काही उघडल्या नाहीत. काकी फोनवर म्हणाल्या, "माझो घोव दोनदा गेलो रे. आता उरलेलो तरी सांभाळ." हे ऐकून मी थट्टा आवरती घेतली.

दिवसभर बसून जमेल ते केलं. इंटरनेटची वायर काढली. उरलेले फोटो हार्डडिस्कवर उतरवून ठेवले. मुदत संपलेला अँटीव्हायरस नुसताच किरकिर करत होता, तो उडवला. काकींना सांगितलं, हे यंत्र आता इतकं जुनं झालंय की कंपनी त्याला औषधपाणी पाठवत नाही. आत कुणाला येऊच द्यायचं नाही, हाच इलाज.

२१ एप्रिल

माझ्या इलाजावर काकींचं समाधान झालं नाही. आज त्या दत्तारामांना घेऊन आल्या. इथे होडी असो, पंप असो की मोटरसायकल, राखणदाराला सांगितल्याशिवाय वापरात येत नाही. राखणदार म्हणजे जागेचा रक्षक. गडग्याबाहेर काजूच्या झाडाखाली त्याचा दगड आहे, आणि तो हातात काठी घेऊन हद्दीवर फिरतो म्हणतात. त्याला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय हवं ते मोठ्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. होकार द्यायला कुणी नसेल तर गाऱ्हाणं लागत नाही. ते घालायचा मान दत्तारामांचा.

ह्या मशीनीची राखण म्हणजे नेमकं काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं. माझी जीभ वळवळली. अँटीव्हायरस जे जे करतो ते सगळं मी सांगितलं, आणि त्यांनी खळ्यात उभं राहून अक्षर न अक्षर आपल्या बोलीत घातलं. बा म्हाराजा, भायरचा काय आत येवक दिव नको. आतला काय भायर जावक दिव नको. रोज दुपारी कोपरो न् कोपरो तपास. भायरचा गावला तर मारू नको, कोपऱ्यात कोंडून ठेव. आणि दर टायमाक ह्येका विचारू नको.

हद्द कुठली, असं त्यांनी विचारलं. काकींना एसटी गाठायची होती, त्या म्हणाल्या, नेहमीचीच, गडग्याची. मुदत विचारली तेव्हा मी म्हटलं, कायमची. मुदत नसलेली राखण त्यांनी कधी सांगितली नव्हती, म्हणून ते जरा अडखळले. पण मग राहणारा मी म्हणून माझ्याच नावाने राखण दिली. सगळ्यात मोठ्याने 'व्हय म्हाराजा' मीच म्हटलं.

२३ एप्रिल

दुपारी फोटो लावत बसलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरी चौकट आली. 'एक धोका रोखला.' ह्या मशीनमध्ये मराठी नाही, अँटीव्हायरस मी स्वतः काढलाय आणि वायर माझ्या उशाशी गुंडाळून ठेवलेली आहे. बराच वेळ बघत बसलो. मग चौकट आपली आपण गेली.

त्यानंतर घरात काठी टेकल्यासारखा आवाज झाला. टक, टक, ह्या खोलीतून त्या खोलीत. वाशांचा असेल. उन्हाने लाकूड फुगतं.

२५ एप्रिल

शेजारच्या आनंदीवहिनींची मांजर दोन दिवस सापडत नव्हती. रोज गडग्यावरून उडी मारून माझ्या ताटावर हक्क सांगायची. आज मांगरात पेटी आणायला गेलो तर कोपऱ्यात बसलेली. तोंड भिंतीकडे. हाक मारली, बांगडा दाखवला, पण मान वळेना. पोट हलतंय, श्वास चालू आहे. उचलायला गेलो तर दगडाइतकी जड. मला भीती वाटली आणि मी दार ओढून घेतलं.

टक टक आजही झालं. आज ते माझ्या खुर्चीमागे थांबलं. मानेवर कुणीतरी हुंगल्यासारखं वाटलं. मग पुढे गेलं.

२७ एप्रिल

शिवा नावाचा पोरगेला कुरियरवाला माझं ऑफिसचं पार्सल आणणार होता. मोटरसायकल वाजली, थांबली, फाटक करकरलं. पडद्यावर चौकट. 'एक धोका रोखला.' पळत बाहेर आलो. फाटकात गाडी उभी, इंजिन चालू, पार्सल खळ्यात पडलेलं.

शिवा मांगरात आहे. मांजरीशेजारी. भिंतीला नाक लावून उभा. डोळे उघडे. मी त्याचा दंड धरून ओढलं, पाया पडलो, शेवटी रडलो. तो श्वास घेतो आणि भिंत बघतो.

मारू नको, कोपऱ्यात कोंडून ठेव. हे मी सांगितलं होतं. माझे शब्द आहेत.

२८ एप्रिल

फाटकातून बाहेर पडलो आणि मागच्या दाराने घरात आलो. कितीही वेळा तेच. गडगा ओलांडला तरी तेच. आतलं बाहेर जात नाही.

फोन लागत नाही. मेसेज जात नाहीत. तन्वीला कळवायचं आहे, येऊ नकोस, रियाला आणू नकोस. एवढंच कळवायचं आहे.

समुद्र ऐकू येत नाही. सकाळपासून लक्षात येत होतं काहीतरी कमी आहे.

२९ एप्रिल

दत्ताराम आले. शिवाची गाडी बघून समजले असावेत. फाटकाबाहेर उभे राहिले. त्यांचा आवाज तेवढा आत येतो आणि मी त्यांना दिसतो, बहुधा ते राखणदाराच्या ओळखीचे म्हणून. माझा बाहेर जात नाही. पेटीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून धरलं, 'दोन तारखेला माझी बायको आणि मुलगी येतील, त्यांना थांबवा.' त्यांनी विचारलं, कोरो पुठ्ठो कित्याक दाखवतंस.

त्यांनी सांगितलं ते असं. ज्याच्या नावाने राखण दिली त्यानेच ती उठवायची. नवं गाऱ्हाणं घालायचं, आणि 'व्हय' म्हणणारा गडग्याच्या आतच हवा. बाहेरचा होकार आत लागत नाही. मग म्हणाले, चूक माझी पण आसा, मुदत घेवक होयी होती, मीच येतंय आत. मी दोन्ही हात हलवून नको नको केलं. ते गडग्यावर चढले.

घरात पडदा उजळला.

मी मांगरात गेलो नाही. मला ठाऊक आहे.

३० एप्रिल

कॉम्प्युटर फोडला. आधी पाणी ओतलं, मग कोयतीने घातले घाव. काकी, माफ करा. राखायला काही उरलंच नाही तर तो जाईल असं वाटलं.

दुपारी टक टक आली. तुकड्यांवरून चालत आली. हद्द गडग्याची सांगितली होती, कॉम्प्युटरची नव्हे. आता चौकटही नाही. कुणाला अडवलं ते मला कळणारही नाही.

१ मे

फाटकात बसून आहे. आनंदीवहिनी समोरून गेल्या. ओरडलो, नाचलो. दत्तारामांना दिसलो तसा त्यांना दिसलो नाही. रिकाम्या खळ्याकडे बघून त्या मांजर शोधत पुढे गेल्या.

एकट्याने गाऱ्हाणं घातलं. मीच घातलं, मीच व्हय म्हटलं. काही नाही.

उद्या. उद्या त्या येतात. देवा, गाडी बिघडू दे. घाटात दरड पडू दे. काहीही—

२ मे

रिक्षा थांबली. तन्वी उतरली. मी फाटकाला छातीने टेकून ओरडतोय आणि ती सरळ माझ्याकडे बघत फाटकाची कडी काढते—

फाटकात तिची एक चप्पल आहे.

मांगरात आता निळी साडी. कपाळ भिंतीला. माझी तन्वी—

दुपार

रिया आत आहे. गडग्यातल्या पावसाळी पाणी जायच्या भोकातून सरपटत आली. तो घरात तपासत होता म्हणून सुटली. गुडघे फुटलेत. म्हणते आई बोलत नाही, बाबा, आई भिंतीकडे बघते.

स्वयंपाकघरात दार लावून बसलोय. मांडीवर घेतलीय. एका हाताने लिहितोय.

टक. पुढची खोली.

पण आता आत दोघं आहोत. होकार द्यायला माणूस आहे. तिला सांगितलं, बाबा म्हणेल त्यावर व्हय म्हाराजा म्हणायचं. खेळ आहे. ती मान हलवते.

टक. मधली—

बा म्हाराजा, मी कौस्तुभ. माझ्या नावाने दिलेली राखण मी आज उठवतो— रिया म्हणाली. व्हय म्हाराजा म्हणाली.

काठी थांबली. ऐकतोय तो.

मांगरात कोंडलेली सगळी सोड— म्हणाली. हळू, पण म्हणाली.

दार उघडं आहे. मी कडी लावली होती. राखण उठली नाही, तिचा होकार त्याने बाहेरचाच धरला.

ही माझी लेक. ही बाहेरची नाही म्हाराजा, ही आतली, ही माझी— रिया, म्हण. म्हण बाळा.

रिया भिंतीकडे बघायला लागलीय.

म्हाराजा, विचार. मला विचार. दर वेळी विचार, ह्या एका वेळी तरी मला वि—