गोदूचं नाव माझ्या क्रुसावर

मी, धोंडूबाई कमळाकर मेंगाळ, राहणार वरचा पाडा, तालुका मुरबाड, वय सत्तरीच्या पुढं. दात गेले, डोकं शाबूत आहे. कुणी धाक घातला नाही, कुणी गोड बोलून बसवलं नाही. चौथीपर्यंत शिकले तेवढ्या अक्षरांत हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहिते.

घर आणि खालचं भाताचं खाचर मुलगा जीवन याला. मी येशूची झाले तेव्हा "आये, तुला जाळायचं का पुरायचं, तूच सांग," म्हणून ओरडला होता. वर्षभर बोलला नाय. ते मी सोडून दिलं.

पाटा-वरवंटा आणि शेळ्या नात मिताली हिला. ही हसली की माझं गुडघ्याचं दुखणंसुद्धा पळतं. शेळ्या विकायच्या नाहीत गो, हे कायद्यानं सांगते.

आता मुख्य कलम. माझी थोरली पोर गोदू. डोंगरावर सात वर्षांनी कारवी फुललेली, सगळं जांभळं. आम्ही रानभाजीला निघालो होतो. म्हणते, "आये, इतकी वर्षं गप राहून सगळ्यांनी याच साली फुलायचं, हे यांना कोण सांगतं?" मी म्हटलं, "देव असंल. टोपली उचल." तर म्हणते, "मग तो लय मोठा असंल. आपल्या पाड्यापुरता नाय." आणि तिथंच हात जोडून उभी राहिली. त्याच महिन्यात तापानं गेली. लहान म्हणून पुरलं, ती जागा पुढं ओढ्यानं नेली.

पुष्कळ वर्षांनी आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक वाल्मिकभाऊ पाड्यावर आले. म्हणाले, सृष्टी बघून देव आहे एवढं कळतं, येशू कोण ते पवित्र आत्मा उमगवतो. मी मधेच उठले, "माझ्या गोदूला कळला व्हता!"

"तिचा बाप्तिस्मा?"

ती गेली तेव्हा पाड्यात येशूचं नावच कुणी ऐकलं नव्हतं, बाप्तिस्मा कुठला! ते म्हणाले, "बाई, मग ती देवापाशी आहे असं मी ठामपणे नाय सांगू शकत." खोटं बोलले नाहीत. पण त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

अजून प्रार्थनेत तिचं नाव आलं की माझे शब्द संपतात, नुसतं रडू. त्या रडण्यात कुणीतरी माझ्यासंगं रडतं. तो पवित्र आत्माच, असं मी मानते. जो तिच्यासाठी रडतो त्यानं तिला टाकलं असेल, हे मला पटत नाही.

म्हणून मला मंडळीच्या जागेत पुरावं. क्रुसावर माझ्या नावाखाली गोदूचं नाव घालावं आणि माती देताना मोठ्यानं घ्यावं. वाल्मिकभाऊंना जमत नसेल तर जीवननं घ्यावं. तो येशूचा नाही, पण तिचा भाऊ आहे.

सही: धोंडूबाई कमळाकर मेंगाळ
मुरबाड, १४ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार: बुधू अनंता पारधी, शेजारी (अंगठा)

साक्षीदार: वाल्मिक, पाळक. सगळं वाचलं. गोदू देवापाशी आहे का, मला अजून ठाऊक नाही. नाव मीच घेईन.