दादाचा खांदा आणि चार तारा

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र आलं. खांदा आखडल्यापासून तू व्हायोलिन कपाटात ठेवलंस आणि स्वतःला खुर्चीत, असं कळलं. म्हणून माझा जुना चार तारांचा टेनर बँजो पाठवतेय. नाक मुरडून झालं की वाजवून बघ. याला गज नाही, हात उचलायला नको. मनगटाने नखी मारायची. तारांचा क्रम व्हायोलिनचाच, त्यामुळे तुझ्या डाव्या हाताला काही शिकवावं लागणार नाही. प्रवासासाठी तारा सैल केल्यात, तेवढ्या लावून घे.

लोभ आहेच, थोडा वाढवलास तरी चालेल.
तुझी ढमी

१५ मार्च

चि. ढमीस,
अ. उ. आ.

जन्मभर वाद्यवृंदात बसलेल्या माणसाला तू हे दांडा लावलेलं डफडं पाठवतेस! तरी व्हायोलिनच्या सुरात लावायला घेतलं, तर दोन तारा फाडकन तुटल्या. एक गालावर बसली. तुझी वहिनी हसून हसून ओट्याला टेकली. डॉक्टर म्हणतात, गज आता विसरा. विसरतोय. त्यात हे नाठाळ वाद्य कशाला?

राग बँजोवर आहे, तुझ्यावर माया तशीच.
दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे देवा, क्रम व्हायोलिनचा म्हटलं होतं, उंची नव्हे! एवढ्या लांब तारेला तिथवर चढवलंस तर ती तुटेल नाहीतर काय करेल? एक सप्तक खाली लाव. नव्या तारा सोबत आहेत. आणि डफडं म्हणून हिणवू नकोस. आमच्या नाचाच्या हॉलमध्ये माइक बंद पडला की गिटारवाले नुसते खाजवताना दिसतात. बँजो मात्र शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही उठवतो.

बारा एप्रिलला कार्यक्रम आहे. माझा नवा बँजो दुरुस्तीला गेलाय. तुला नकोच असेल तर जुना परत पाठव.

गालाला जप, बहिणीला विसरू नकोस.
ढमी

३ एप्रिल

चि. ढमीस,
अ. उ. आ.

खाली लावला. बोटं आपणहून धावली. पडदे लांब लांब आहेत, करंगळी शिव्या घालते. पण काय स्वच्छ वाद्य आहे गं! सूर टणकन येतो आणि लगेच विरतो. ओढून-ताणून चूक झाकायची सोयच नाही. आमच्या वाद्यवृंदातल्या निम्म्या लोकांच्या हातात हे दिलं तर उपाशी मरतील. शेजारचा शिंपी माझ्या व्हायोलिनला खिडकी लावून घ्यायचा. आता उघडून मशीन त्याच ठेक्यावर चालवतो. अपमान आहे, पण गोड आहे.

बँजो परत पाठवणार नाही. पार्सलवाले आपटतात. बाराला मीच घेऊन येतो. तुझा नवा तेवढा दुरुस्त करून आण, आणि तुझ्या शेजारी आणखी एक खुर्ची मांड. बिनहाताची. कोपर अडतं.

भेटीत भांडू, तोवर माया असू दे.
तुझा दादा