चारशे करंज्या आणि फरशीवरची पिवळी रेषा

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
एर्लांगेन, जर्मनी. वही सुरू. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर बरं आहे. संकल्प एक: कमी बोलणार. संकल्प दोन: पंचवीस तारखेला इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला चारशे करंज्या. गणपतीत सगळ्यांसमोर जाहीर केलंय मी. माझ्या करंज्यांचं नाव आहे. लाटते, भरते, तळते कुंदा. पण नजर माझी असते.
कुंदा माझी धाकटी जाऊ. दीर गेल्यापासून आमच्यातच. माझ्या लेकाकडे, प्रतापकडे, तीन महिन्यांसाठी यायचं ठरलं, तेव्हा तिलाही आणलं. एकटी बार्शीत काय करणार होती? घरचीच आहे. खुश आहे. विचारलं नाही, पण दिसतं.

दुपार
सारणासाठी कुंदाला मिक्सर लावायला सांगितला, तर खालच्या मजल्यावरची फ्राऊ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, वर आली. रविवारी आवाज नको. रविवारी इथे कुणी काम करत नाही म्हणे. कुंदाने हे सूनबाईकडून, नंदिनीकडून, दोनदा विचारून घेतलं. कशाला, कोण जाणे.

७ ऑक्टोबर, मंगळवार
नातीला, अन्वीला, शाळेत रेफेराट आहे. वर्गापुढे उभं राहून बोलायचं. विषय: अमेरिकेत गुलामीवरून भांडणं वाढत वाढत घरातल्या घरात युद्ध कसं पेटलं. पोरगी जर्मनमध्ये म्हणून दाखवते, नंदिनी मला मराठीत सांगते.
उत्तरेत गुलामी बंद. दक्षिणेत कापसाच्या मळ्यांवर विकत घेतलेली माणसं राबवायची. लेकरं आयांपासून तोडून विकायची. ऐकून डोकंच फिरलं. मी म्हटलं, असल्यांना उलटं टांगा. वर मालक काय म्हणायचे? आमची माणसं सुखात आहेत, घरच्यासारखी आहेत. निर्लज्ज कुठले!
ओरडून घसा सुकला. कुंदाला हाक मारून पाणी मागवलं.
मी उत्तरेची. आपण वरच्या मजल्यावर राहतो, आणि नकाशात उत्तर वरच असते.

९ ऑक्टोबर, गुरुवार
नंदिनी म्हणाली, आई, काकू पहाटेपासून उभ्या आहेत, एकदा विचारा तरी त्यांना. मी म्हटलं, तू ऑफिसला जा, स्वयंपाकघरात नाक खुपसू नकोस. झालं, पेटलं.
प्रतापने तोडगा काढला. अमेरिकेतही म्हणे नकाशावर रेषा मारली होती. रेषेच्या वर गुलामी नाही, खाली चालेल. तीसेक वर्षं भागलं त्यावर. म्हणून याने फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली. ओट्याकडे मी कुंदाला काम सांगायचं, टेबलाकडे नाही. पोरगं शिकलंय त्याचा उपयोग होतो.
अन्वी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. नंदिनीने सांगितलं, रेषेने भांडण मिटत नाही, नुसतं पुढे जातं असं म्हणतेय ती. चौदा वर्षांची कार्टी!
जेवणं झाल्यावर कुंदा टेबलापाशी जाऊन बसली. बसली ती बसलीच. मी ओट्यावरून हाका मारतेय, आणि ही नुसती पट्टीकडे बोट दाखवतेय.

१२ ऑक्टोबर, रविवार
कुंदा पळाली. साडेनऊला कणीक भिजवायला हाक मारली, तर नाही.
सापडली खाली, फ्राऊ लिंडनरकडे. पाय स्टुलावर, हातात केक. मी दारातून म्हटलं, माइने कुंदा, माझी कुंदा! एवढं जर्मन येतं मला. ती बाई म्हणाली, नाइन, झोनटाग. म्हणजे नाही, आज रविवार. आणि दार लावलं. माझ्या तोंडावर.
प्रतापला म्हटलं, कायदा काय सांगतो? त्याने अन्वीचीच गोष्ट ऐकवली. पळालेल्यांना उत्तरेतल्या लोकांनी पकडून परत द्यायचं असा कायदा केला होता. मी म्हटलं, बघ! तो म्हणाला, आई, त्यापायीच तर तोवर गप्प बसलेले लोक खवळले, आपल्या दारातून माणूस ओढून नेताना बघवेना त्यांना.
खरंच, संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही मला हॅलो केलं नाही. कुंदा रात्री वर आली, तिच्या वेळेने.
संकल्प: उद्यापासून कमी बोलणार.

१८ ऑक्टोबर, शनिवार
तळणाचा वास घरभर होतो म्हणून प्रतापने केलर, म्हणजे तळघरातली आपली खोली, रिकामी करून दिली. आता तिथे नियम कुणाचा? पट्टी तर वरच राहिली. मी म्हटलं, मत घेऊ, हजर असतील त्यांचं. लोकशाही.
मी मंडळातल्या सुधा आणि स्वरालीला चिवड्याच्या नावाने बोलावून ठेवलं होतं. नंदिनीने फ्राऊ लिंडनरला आणि तिच्या बहिणीला आणून उभं केलं. ही काय रीत झाली? बाहेरची माणसं आणायची म्हणजे!
मतं मोजता मोजता सुधाने लिंडनरच्या बहिणीला कोपर मारलं. मग कणकेचा गोळा उडाला. कुणी मारला ते मी लिहिणार नाही. करंजीचं कातण सायकलींमागे गेलं ते गेलंच.
अन्वीला मजा. म्हणाली, कॅन्सस, गेनाऊ, अगदी तस्संच! तिकडेही नव्या मुलखात असंच ठरवलं होतं, मतावर. दोन्हीकडून माणसं घुसली आणि रक्त सांडलं. इथे नुसतं सारण सांडलं.

२० ऑक्टोबर, सोमवार
फॅमिली ग्रुपवर नंदिनीने पोल टाकला. काकूंना विचारल्याशिवाय काम सांगायचं नाही: हो की नाही. चार विरुद्ध एक. चौथं मत कुंदाचं! मी म्हटलं, हिला मत कुणी दिलं? हिला काय कळतं? अन्वी म्हणाली, आजी, तिकडच्या कोर्टानेही असंच म्हटलं होतं, की या माणसाला दाद मागायचा हक्कच नाही, आणि त्यानेच आग भडकली. हे मात्र मराठीत म्हणाली. नेमकं हेच.
मी हरणारी नव्हे. मी वेगळी झाले. तवा, कढई, पोळपाट घेऊन केलरमध्ये. माझं वेगळं राज्य.

२२ ऑक्टोबर, बुधवार, केलर
राज्य उत्तम. थंडी आहे. विजेची शेगडी लावली की फ्यूज उडतो. वर मसाल्याचा वास सुटलाय. खाली पडतात नुसत्या सायकली. मोहन किती घालायचं ते आठवेना. नजर माझी होती, हात तिचे.
एकूण करंज्या: अकरा. तेलात उघडल्या: सात. फ्राऊ लिंडनर शेजारच्या धुण्याच्या खोलीत कपडे धुवायला आली, बघून गेली.  चारशे होतीलच.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
अन्वीला रेफेराटमध्ये आइन्स, म्हणजे पहिला नंबरच. शेवटी काय बोलली ते प्रतापने खाली येऊन सांगितलं. मालकांना अगदी शेवटपर्यंत वाटायचं, आपली माणसं आपल्याला सोडून जाणार नाहीत. युद्ध लागलं आणि ती हजारोंनी चालू लागली.
मी म्हटलं, बरं झालं! असंच पाहिजे त्यांना!
प्रताप उठला. वर जाताना माझ्या अंगावर शाल टाकून गेला.

उत्तर वरच असते ना? मी तळघरात बसलेय.

२५ ऑक्टोबर, शनिवार
मंडळ. मी दुकानातली बिस्किटं नेली, ताटात नीट मांडली. सुधाने विचारलं, करंज्या? म्हटलं, येताहेत.
आल्या. साठ. लिंडनरच्या ओव्हनमध्ये भाजलेल्या. ताटापुढे चिठ्ठी: कुंदा. दहा मिनिटांत ताट साफ. बायका रेसिपी विचारत होत्या, तिला. आणि ती सांगत होती! सव्वीस वर्षांत मी तिला सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. तिने माझ्यासाठी एक बाजूला ठेवली होती. म्हणाली, जाऊबाई, ही खाऊन बघा. चांगली होती. माझ्यासारखीच. म्हणजे तिच्यासारखीच.

२६ ऑक्टोबर, रविवार
वर आले. पट्टी अजून आहे. रेषेच्या अलीकडे उभं राहून विचारलं, पहिल्यांदाच, कुंदा, चहा करतेस का?
 ती म्हणाली, नाही.
बरं. मी करायला घेतला. साखर कुठे असते ते विचारावं लागलं. तिने बसल्या जागेवरून बोट दाखवलं. मीठ निघालं.