विरोधाभासाची बावीस कार्डं

कात्रज, पुणे
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

चि. चैताली,
सप्रेम जयभीम.

तू, समाधान आणि मुलं बरी असाल. इथली थंडी संपली. आईने सकाळी अर्धी पोळी खाल्ली, दुपारची गोळी घेतली, आता झोपली आहे. नळाला पाणी दिवसाआड येतं म्हणून कामाच्या बाईही दिवसाआड येतात. त्यांना हे पटलेलं आहे. मलाही.

तू मागितलेले कागद पाठवतो आहे. एमआरआयची फिल्म, अहवाल, रक्ताच्या तपासण्या. खालच्या मजल्यावरचे रंगनाथराव उद्या सकाळी गाडीने ठाण्याला निघतात, त्यांच्याकडे पिशवी देतो. पिशवीत बुटांचा एक खोका आहे. तो आधी उघडू नकोस.

नारायण पेठेतून प्रकाशक बापूरावांचा फोन होता. माझ्या अलंकारांच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तयार आहेत. विरोधाभासाचं प्रकरण या वेळी उभं राहिलं म्हणाले. आधीच्या दोन आवृत्त्यांत सगळी उदाहरणं जुन्या कवितांतली होती, मुलं ती पाठ करायची आणि विसरायची. ही बोलण्यातली उदाहरणं कुठून आणलीत, असं त्यांनी विचारलं. घरातून, असं मी सांगितलं. त्यांना तो विनय वाटला.

मी कार्डं कशी करतो ते तुला माहीत आहे. जेवताना कोणी बरं वाक्य बोललं की मी ताटावरून उठायचो. वर वाक्य, खाली अलंकाराचं नाव, कोपऱ्यात तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव. तू चार वर्षांची असताना "पंखा दमला" म्हणालीस, तेही आहे, चेतनगुणोक्तीत. तुझ्या आईचं मात्र एकही कार्ड नव्हतं. पोस्टाच्या काउंटरवर ती "सही करा", "सुटे द्या", "पुढचे या" एवढंच बोलायची आणि घरीही साधारण तेवढंच. एकदा पाहुण्यांसमोर मी म्हणालो की जया छापील फॉर्मसारखं बोलते. ती म्हणाली, "फॉर्म भरल्याशिवाय तुमचं कुठलं काम झालंय?" सगळे हसले. त्याचंही कार्ड मी केलं नाही.

ती निवृत्त झाल्यावर दीड-दोन वर्षांनी एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, जरा अंधार लावा, मला दिसत नाही." मी दिवा लावला आणि कार्ड केलं. तिला विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, दिवा लावा म्हणाले. मी तिला सुधारलं नाही. मला आनंद झाला होता. माणूस आयुष्यभर हिशोबाचं बोलतो आणि उतारवयात त्याच्या भाषेला पालवी फुटते, असं काहीतरी मी त्या दिवशी डायरीत लिहिलं आहे.

मग वाक्यं येत गेली. पंधरवड्यात एखादं, कधी दोन महिने काहीच नाही. चहा किती गरम गार झाला. दार उघडं बंद आहे, ढकला. तुम्ही फार मोठ्याने गप्प बसता. हे शेवटचं मी एका महाविद्यालयात शिक्षकांच्या कार्यशाळेत वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत होती. मी तिच्याकडे हात केला तेव्हा तिने मान खाली घातली. लाजलीस ना, असं मी परतताना रिक्षात तिला म्हणालो. ती बाहेर बघत होती.

विरोधाभासात विरोध वरवरचा असतो, आत तो मिटलेला असतो. दोन उलटे शब्द कोणीतरी जाणून शेजारी बसवलेले असतात. आईने ते बसवले नव्हते. तिला एक शब्द हवा असायचा आणि हाताला दुसराच लागायचा. कवीला काय म्हणायचे आहे, हा प्रश्न मी एकतीस वर्षं परीक्षेत काढला. तिला विचारला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी सहा महिने म्हणालो. गेल्या पावसाळ्यात सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला तिला आपलं आडनाव सांगता आलं नव्हतं, तिथपासून मी मोजलं. नंतर फोनवर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. तू ते लिहून घेतलंस, पेनाचा आवाज मला ऐकू आला.

आता त्या सहा महिन्यांवर सगळं उभं आहे. इथले डॉक्टर म्हणतात, इतक्या थोड्या काळात एवढा परिणाम म्हणजे मेंदूतली गाठ झपाट्याने वाढणारी असणार, सोमवारी उघडू या. उघडल्यावर आहे तेवढं बोलणंही जाईल, याची त्यांनी कल्पना दिली आहे. गाठ जुनी आणि संथ असेल तर थांबता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, असू शकेल, पण तुम्ही सांगता त्यावरून तसं दिसत नाही. मी तिथेही सहा महिन्यांचा आकडा सुधारला नाही. फाइल उचलली आणि पार्किंगमध्ये येऊन उभा राहिलो. आईने गाडीकडे बोट दाखवलं. चला, असा त्याचा अर्थ होता.

शुक्रवारी तू मुंबईच्या डॉक्टरांना भेटशील. त्यांना सहा महिने सांगू नकोस.

आता खोका उघड. बावीस कार्डं आहेत, तारखेप्रमाणे लावली आहेत. पहिलं ३ ऑगस्ट २०२३ चं. अडीच वर्षं सांग.

सतरावं कार्ड तू वाचशीलच, म्हणून त्याबद्दल मीच लिहितो. ९ मार्च २०२५, रविवार. मी टेबलाशी बसून याच प्रकरणाचं हस्तलिखित साफ करत होतो. आई येऊन खुर्चीमागे उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "अहो, मला शब्द सापडत नाहीत. आणि हे सांगायलाही शब्दच लागतात." मी वळून म्हणालो, "वा." ती म्हणाली, "मला डॉक्टरकडे न्या." मी म्हणालो, हे हातावेगळं झालं की जाऊ. कार्डावर पहिली दोन वाक्यं आहेत. तिसऱ्यात अलंकार नव्हता, म्हणून ते लिहिलं नाही. ते तू पेनाने खाली लिही आणि मग डॉक्टरांना दाखव.

ती पुन्हा म्हणाली नाही. मीही विषय काढला नाही. हस्तलिखित एप्रिलमध्ये गेलं.

काल बापूरावांना मी ती उदाहरणं काढायला सांगितली. ते म्हणाले, "सर, ती काढली तर प्रकरणात तुम्हीच उरता." मी म्हणालो, मग प्रकरणच काढा. ते चिडले, मुद्रणाचा दिवस ठरलेला आहे. मी कारण दिलं नाही. तुला देण्याआधी त्यांना द्यायचं नव्हतं.

मला रडू येत नाही. सकाळी उठतो, आईचे केस विंचरतो, गोळ्यांच्या डबीतले वार बघतो. ती माझ्याकडे बघते आणि काही म्हणायचा प्रयत्न करते. आता मी विचारतो, काय म्हणायचं आहे? ती बोटाने दाखवते. पाणी, खिडकी, चष्मा. बहुतेक वेळा बरोबर कळतं. न कळलं तर ती हात खाली ठेवते.

शुक्रवारी ते काय म्हणतील ते इथल्या डॉक्टरांना तूच फोनवर सांग. सोमवारचं ठेवायचं की थांबायचं, तो निर्णय तू आणि समाधान घ्या, मी सही करीन. डॉक्टरांनी विचारलं की घरात नवरा असताना इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, तर मला सांभाळून घेऊ नकोस. बाबांच्या लक्षात आलं होतं म्हणून सांग. त्यांना आवडत होतं, असं सांग.

आईला भेटायला ये. माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही.

बाबा