न सांगता धरलेले कान

नाशिक, १२ जानेवारी १९९९

तीर्थरूप नानांना सुवर्णाचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, पोटभर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

डीएडच्या मॅडमचा मला संशय येतो. गणिताच्या तासालाही मुलांना व्यायाम द्या म्हणतात आणि मागे बसून वहीत काहीतरी टिपतात. मला नापास करायचा बेत दिसतोय.

काल दुसरीच्या वर्गाला मी पाढे म्हणत उठाबशा काढायला सांगितल्या. सगळ्यांनी न सांगता कान धरले. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आमचं काय चुकलं?" मी स्वतः करून दाखवायला गेले, तर माझेही हात कानांवरच गेले.

नंतर मॅडमनी विचारलं, "दुसरीत तुला कोण शिकवायचं?"

मी तुमचं नाव सांगितलं नाही, नाना.

तुमची,
सुवर्णा